पाद्र्याच्या झग्यातले माझे टाके

माझा टाका कधी तुटला नाही. बढाई मारत नाही, होतं तसं सांगतो. हर्ण्याच्या बंदरात ज्यांच्या होड्यांची शिडं माझ्या बापाने आणि मी शिवली, त्यांतलं साक्षीला आता कोणी उरलेलं नाही. उरलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं की शीड फाटलं तर कापडात फाटलं, शिवणीत फाटलं नाही.

माझं शिक्षण चौथी. तेही चौथीत बसलो म्हणून चौथी, पास झालो म्हणून नाही. तेव्हा हे लिहिणं बोलल्यासारखंच होणार. ज्याला शुद्ध हवं त्याने दुसरं काहीतरी वाचावं. मला सांगायचं आहे ते एका झग्याबद्दल. रत्नागिरीत एक जुनं चर्च आहे, तिथल्या पाद्र्याने वर्षातून एकदा, सणाच्या मिस्सेला, म्हणजे त्यांच्या मोठ्या प्रार्थनेला, अंगात घालायचा रेशमी झगा. तो मी तीस-बत्तीस वर्षं सांभाळला. आणि मीच तो मारला, असं गेल्या वर्षी एका बाईने माझ्या तोंडावर सांगितलं.

आधी मी तिथे कसा पोचलो ते सांगतो. शिडांचं काम इंजिनांनी खाल्लं. मग काही वर्षं जाळी सांधली. पुढे जाळीही कारखान्यातून यायला लागली, फाटली की लोक नवी घ्यायला लागले. तेव्हा बायकोला आणि मुलीला घेऊन रत्नागिरीला आलो आणि एक गाळा भाड्याने घेतला. ट्रकच्या ताडपत्र्या, रिक्षांची हुडं, पोरांची दप्तरं असलं काम. हाताने, दाभणाने. जाड काम मशीन घेत नाही आणि मी मशीनवाल्यांना माणसात धरत नव्हतो.

एक दिवस चर्चचे त्या वेळचे फादर गाळ्यासमोर येऊन उभे राहिले. उंच, म्हातारे, दमलेले. काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. बाजारातल्या तीन शिंप्यांनी त्यांना परत पाठवलं होतं. त्यांनी फळीवर चादर उलगडली.

बाह्या नाहीत. खांद्यावरून पुढे एक पाट, मागे एक पाट, दोन्ही बाजू उघड्या. आत जाड मांजरपाटाचं अस्तर आणि बाहेर डाळिंबी रेशीम, जागोजागी विटलेलं. त्यावर जरीची तार आडवी-उभी बसवून केलेली द्राक्षं, गव्हाच्या लोंब्या, आणि पाठीवर मधोमध एक पक्षी. मला तो बगळा वाटला. फादर म्हणाले, बगळा नव्हे, हा आपल्या छातीवर चोच मारून पिल्लांना रक्त पाजणारा पक्षी आहे. मी म्हटलं, असा पक्षी आमच्या खाडीत नाही. ते म्हणाले, कुठल्याच खाडीत नाही. हसले. माणूस चांगला होता.

जरीच्या वजनाने रेशीम ओघळत होतं. खांद्यापाशी, पक्ष्याच्या पंखाखाली, द्राक्षांच्या देठांशी चिरा पडल्या होत्या. काही जागा कसरीने खाल्लेल्या. फादर म्हणाले, "होईल का?"

मी म्हटलं, "माझ्याकडून गेलेली वस्तू परत येत नाही."

जाळं सांधणाऱ्याचा एक नियम आहे, बापाने मला शिकवलेला. फाटलेली जागा अशी भरायची की पुढच्या वेळी जाळं फाटलं तर दुसरीकडे फाटेल, तिथे नाही. म्हणजे तुझ्या कामावर कुणाला बोट ठेवता येत नाही. मी तसंच केलं. जाळ्याचा नायलॉन घेतला. अख्खा नाही, तेवढी अक्कल होती. त्याचा पीळ सोडवून एकच पदर घेतला, केसासारखा बारीक. जरीच्या तारेच्या आडोशाने टाके घातले, दर पाचव्या टाक्याला जाळ्याची गाठ, म्हणजे एक टाका गेला तरी पुढचे सुटू नयेत. गाठी जरीखाली दडवल्या. फादरनी तो झगा उजेडात धरून पाहिला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. त्यांना एक टाका दिसला नाही. त्या वर्षी सणाला मला बोलावून पहिल्या बाकावर बसवलं. आम्ही हिंदू, मला तिथलं काही कळत नव्हतं, पण फादर पाठ वळवून उभे राहिले तेव्हा अख्खं चर्च माझ्या कामाकडे बघत होतं. ते मला कळलं.

तेव्हापासून दरवर्षी फेस्तच्या आधी, म्हणजे त्यांच्या त्या सणाच्या आधी, मला बोलावणं यायचं. मागच्या खोलीत, जिथे फादर कपडे चढवतात तिथे, मोठ्या मेजावर झगा पसरलेला असायचा. मी खिडकीपाशी बसायचो. दरवर्षी कुठेतरी नवी चीर असायची. माझ्या शिवणीत नाही, तिच्या बाजूला. मी ती भरायचो. पुढच्या वर्षी त्याच्या बाजूला. रेशीम जुनं झालं, मी म्हणायचो. फादर बदलत गेले, आताचे चौथे की पाचवे ते आठवत नाही. मी तोच राहिलो.

तिथे एक म्हातारी आहे, चर्चची झाडलोट बघते, फुलं लावते, कपाटांच्या किल्ल्या तिच्या कमरेला. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान असेल, पण ते कबूल करायची नाही. ती मला शीडवाले म्हणते.

"काय ओ शीडवाले, अजून हायसा?"

"तुझ्या आधी जात नाय."

"मंग लवकर जाचा नाय तुमास्नी. चाय ठेवलीय, गार करू नका."

बायको गेली त्याला सात वर्षं झाली. गाळा त्याच्याही आधी सोडला, आता तिथे मोबाईलची कव्हरं विकतात. मुलगी अलोऱ्याला, जावई तिथे वीज प्रकल्पात, त्यांच्या वसाहतीत राहतात. मला एकट्याला दोन खोल्या. तिथे मी दिवसभरात जेवढं बोलतो तेवढं कोंबडीही बोलत नसेल. वर्षातले ते दोन-तीन दिवस तेवढे कुणीतरी मला विचारायचं की हे नीट बसेल का. त्या दिवसांच्या आधी आठवडाभर मी दाढी रोज करायचो. हे कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळी सरल्यावर बोलावणं आलं, नेहमीपेक्षा महिनाभर आधी. मला बरं वाटलं. दाभणांची नाही, बारीक सुयांची डबी घेतली, नायलॉनचं रीळ घेतलं, गेलो.

नवे फादर तरुण आहेत, वसईकडचे. ते दारातच म्हणाले, "आजोबा, या. गोव्याहून एक मॅडम आल्यात. जुनी कापडं तपासतात, टिकवतात. त्यांचं शिक्षणच त्यातलं आहे."

मी म्हटलं, "कापडाचं शिक्षण?"

"हो."

"किती वर्षांचं?"

ते मला आत घेऊन गेले.

आत मेजावर पांढरा कागद अंथरला होता, त्यावर झगा. एक तिशीतली बाई कपाळाला भिंग बांधून त्यावर वाकली होती. हातात एवढासा व्हॅक्यूम, त्याच्या तोंडावर जाळी लावलेली, त्याने ती धूळ ओढत होती. म्हातारी कोपऱ्यात किल्ल्या धरून उभी. मी कोण हे त्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हातारा, दारात उभा. तिला वाटलं असेल, माळी असेल.

ती मान वर न करता फादरना म्हणाली, "हे ज्याने शिवलंय ना, त्याचा हात फार चांगला आहे. पण त्याने कापड मारलं."

म्हातारी माझ्याकडे बघून लगेच जमिनीकडे बघायला लागली. फादरनी घसा साफ केला.

"मी शिवलंय," मी म्हटलं.

तिने भिंग वर केलं. घाबरली नाही, ओशाळलीही नाही. "बसा, आजोबा," म्हणाली. "बरं झालं तुम्ही आलात. हा नायलॉन कुठला?"

"जाळ्याचा."

"मला वाटलंच."

"एक टाका तुटलेला दाखवा."

"एकही तुटलेला नाही."

"मग?"

"मग कापड तुटलं. दोघांपैकी कुणीतरी तुटणारच होतं." तिने मला भिंग दिलं आणि चिमट्याच्या टोकाने दाखवलं. "बघा, प्रत्येक टाक्याच्या भोकापासून चीर निघालीय. दमट दिवसांत रेशीम सैल पडतं, उन्हाळ्यात आवळतं. रेशमाला हलायचं असतं. तुमचा धागा हलू देत नाही. मग ते त्या धाग्यावर कापलं जातं, वायरने साबण कापतात तसं."

मला दिसलं. टपालाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग, आणि त्या रांगेने फाटलेलं. त्याच्या बाजूला पुढच्या वर्षीची रांग. तिच्या बाजूला तिच्या पुढच्या वर्षीची. मला दिसलं, पण मी भिंग खाली ठेवलं आणि म्हटलं, "रेशीम जुनं आहे."

"जुनं आहेच. म्हणूनच."

"तुम्ही जन्मला नव्हतात तेव्हापासून हे माझ्या हातात आहे."

"ते दिसतंय," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, पण मला तो लागला.

फादर मधे पडले. म्हणाले, यंदापासून हा झगा घालायचा नाही असं ठरतंय, मॅडम तो गोव्याला त्यांच्या कार्यशाळेत नेतील, तिथे हे टाके काढतील, मागून नवा आधार देतील. मग तो पेटीत आडवा ठेवायचा. टांगायचासुद्धा नाही.

"टाके काढतील?" मी म्हटलं.

"काढावे लागतील."

मी रीळ आणि डबी उचलली आणि निघालो. म्हातारी पायऱ्यांपर्यंत मागे आली. "चाय तरी घ्या ओ," म्हणाली. मी वळलो नाही.

पुढचे चार दिवस मी घरी बसून होतो. येणारं कोणी नव्हतं, त्यामुळे रागावलो आहे हे दाखवायलाही कोणी नव्हतं. राग करायचा तरी समोर एक माणूस लागतो. मी भांडी जोरात घासली. शेजारी नोकरीवाले, कुलूप लावून जातात.

तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन.

"जेवलात?"

"जेवलो."

"काय?"

"भात."

"भाताबरोबर?"

"ताट."

"बाबा, तुम्ही कुणाशी भांडलात?"

"कशावरून?"

"भांडलात की एका शब्दात बोलता. आईला पण असंच करायचात."

मग मी तिला सांगितलं. सगळं नाही, निम्मं. ती ऐकत होती, मागे कुकर शिट्टी मारत होता. म्हणाली, "मग ती बाई चूक आहे का?"

मी म्हटलं, "तुझा कुकर बघ."

चौथ्या दिवशी दुपारी पलंगाखालची ट्रंक ओढली. बायकोची लुगडी त्यात आहेत, मुलीने नेली नाहीत आणि मी कुणाला दिली नाहीत. मला एक लुगडं बघायचं होतं, जे ती बंदरावर नेसायची. ते दोन ठिकाणी फाटलं होतं. एक तिने स्वतः रफू केलं होतं आणि एक मी सांधलं होतं, होडीच्या खिळ्याला अडकलं तेव्हा, नायलॉनने, तिला न विचारता.

आमच्याकडच्या बायका जुनं लुगडं रफू करताना नवा दोरा घेत नाहीत. त्याच लुगड्याच्या आतल्या शेवटाचे दोरे ओढून काढतात आणि त्याने भरतात. मी तिची चेष्टा करायचो. मी म्हटलेलं मला आठवतं, मेलेल्या दोऱ्याने शिवतेस, महिनाभर टिकायचं नाही. ती मान वर न करता म्हणाली होती, "त्याच वयाचा हाय. जमतं त्यांचं."

लुगडं खिडकीशी नेऊन उलगडलं. तिचं रफू शोधायला वेळ लागला. बोट फिरवून फिरवून सापडलं. कापडात कापड झालं होतं. माझं शोधावं लागलं नाही. टाके जसेच्या तसे होते, एकही ढिला नव्हता, आणि त्यांच्या भोवती लुगडं गोल फाटून गेलं होतं. माझी सांधलेली जागा मधे बेटासारखी लोंबत होती. बायकोने तेवढ्यावर आणखी एक ठिगळ लावलं होतं, बाहेरून. मला कधी दाखवलं नव्हतं.

मी तिथे बराच वेळ बसलो. तिला विचारता आलं असतं तर विचारलं असतं की बोलली का नाहीस. पण तिचं उत्तर मला माहीत आहे. सांगून तुम्ही ऐकलं असतं का, असंच म्हणाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. बाई अजून होती, फोटो काढत होती, झग्याच्या एकेका बोटाएवढ्या जागेचे. मी म्हटलं, "टाके मी काढणार."

तिने कॅमेरा खाली केला. "आजोबा, ते फार नाजूक काम आहे. आमच्याकडे लोक आहेत."

"तुमच्या लोकांना गाठी कुठे आहेत माहीत आहे?"

"कसल्या गाठी?"

"टाका मधे कापला आणि ओढला तर तो सरळ यायचा नाही. पुढे गाठ अडकेल आणि रेशीम घेऊन येईल. दर पाचव्या टाक्याला आहे. जरीखाली."

तिने भिंग लावलं. बराच वेळ शोधलं. मी उभा राहिलो, सांगितलं नाही. शेवटी तिने हात बाजूला घेतला. "दाखवा," म्हणाली.

मी पक्ष्याच्या पंखाखाली नख ठेवलं. तिने चिमट्याने जर केसभर उचलली. गाठ होती.

तिने चिमटा खाली ठेवला. मग म्हणाली, "हात बघू."

मी हात पुढे केले. हात थरथरत नाहीत माझे, अजूनही नाहीत. पण तिने बोटांची टोकं रेशमाच्या एका चिंधीवरून फिरवायला लावली. चिंधी माझ्या बोटांना चिकटून आली. कातडी इतकी खरखरीत की रेशमाचे तंतू ओढते. इतकी वर्षं मी असाच त्या झग्यावरून हात फिरवत होतो.

"असे हात नाही चालणार," ती म्हणाली.

मी घरी गेलो. पायाच्या टाचा घासायची वजरी असते, तिने दहाही बोटांची टोकं घासली. आग होईपर्यंत. संध्याकाळी पुन्हा, सकाळी पुन्हा. पुन्हा गेलो, चिंधीवरून बोटं फिरवली, चिंधी जागची हलली नाही. म्हातारी बघत होती. म्हणाली, "लगीन हाय वाटतं शीडवाल्यांचं."

"तू येणार असलीस तर बोलावतो."

"मी नाय बा. माझं माणूस वर वाट बघतंय."

मग मी टाके काढले. पाच दिवस लागले. सकाळी नऊला बसायचो, उजेड खिडकीतून सरकला की मेजाच्या दुसऱ्या बाजूला बसायचो, चारला उठायचो. अस्तराच्या बाजूने टाका कापायचा, गाठीपर्यंत मोकळं करायचं, गाठ वरून चिमट्यात धरायची आणि सरळ वर उचलायची, आडवी नाही. बाई समोर बसून रेशमाखाली पातळ कापडाची पट्टी सरकवायची, म्हणजे चीर उघडी पडू नये. ती कमी बोलायची. मीही. पण कधीकधी विचारायची.

"इथे असे का वळलात?"

"तिथे कसर होती. पलीकडे गेलो असतो तर भोक पडलं असतं."

"बरोबर होतं ते."

हे ती म्हणाली ते मी लक्षात ठेवलं आहे. पाच दिवसांत दोनदा म्हणाली.

कुठले टाके कोणत्या फादरच्या वेळचे ते मला हाताला कळत होतं. खांद्यावरचे पहिल्या वर्षीचे, तेव्हा दृष्टी चांगली होती, टाके तांदळाच्या कणीएवढे. द्राक्षांपाशी बायको आजारी होती त्या वर्षीचे, जरा घाईचे. पक्ष्याच्या चोचीपाशी ती गेल्यानंतरच्या वर्षीचे. ते अगदी बारीक, गरजेपेक्षा जास्त, कारण त्या वर्षी मला घरी जायची घाई नव्हती. सगळे निघाले. मेजावर एका बशीत नायलॉनच्या बारीक तुकड्यांचा ढीग जमला, माशाच्या काट्यांसारखा. आणि झगा, खरं सांगायचं तर, आणखी दुबळा दिसत होता. टाके होते तोपर्यंत तो निदान अख्खा वाटायचा. आता चिरा मोकळ्या पडल्या होत्या.

शेवटच्या दिवशी बाईने तिच्या पेटीतून एक रेशमी जाळी काढली. मी आयुष्यात एवढ्या बारीक आसाचं जाळं पाहिलेलं नाही. आस म्हणजे जाळ्याचं भोक. फुंकर मारली तर तरंगेल अशी. ती म्हणाली, ही रंगवून, झग्याच्या रंगाची करून, चिरांवर अंथरायची आणि एकपदरी रेशमाने हलकेच धरायची.

"हे मी करू शकेन," मी म्हटलं. तिने विचारलं नव्हतं.

तिने चिंधी दिली, वाकडी सुई दिली, डॉक्टर टाके घालायला वापरतात तशी, आणि तो धागा. धागा सुईत ओवायलाच मला वेळ लागला. मग घातला टाका, ओढला, तुटला. पुन्हा. तुटला. तिसऱ्यांदा श्वास धरून घातला, तरी तुटला. हाताला ओढायची सवय, सोडायची नाही. सत्तर वर्षांचा हात एका दुपारी शिकत नाही.

बाई म्हणाली, "आमच्याकडे मुली दोन वर्षं नुसत्या चिंध्यांवर करतात."

"मला दोन वर्षं नाहीत," मी म्हटलं. सुई परत दिली.

निघायच्या आधी तिने एक कागद भरला. झग्याबरोबर फाईलमध्ये जातो म्हणाली, पुढे शंभर वर्षांनी कुणी उघडला तर कळावं की याचं काय काय झालं. माझे डोळे तेवढ्या बारीक अक्षराला पुरत नाहीत. म्हटलं, वाचून दाखवा. तिने वाचलं. त्यात होतं की पूर्वी स्थानिक पातळीवर दुरुस्ती झाली होती, कृत्रिम धाग्याने, आणि काळाच्या ओघात रेशीम विरलं.

"काळाने काय केलं?"

"काळाने पण केलंय, आजोबा."

"त्याचं वेगळं लिहा. माझं वेगळं लिहा."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तसं लिहिलं."

"मला वाईट वाटायचं ते वाटून झालं. स्थानिक पातळी म्हणजे कोण? मी पातळी नाही."

फादर हसायला लागले आणि लगेच थांबले. बाईने पेन उघडलं. "सांगा, काय लिहू."

मी उभा राहून सांगितलं. "जाळ्याच्या नायलॉनने शिवलं. शिवणाऱ्याला जाळं माहीत होतं, रेशीम माहीत नव्हतं. त्याच्या टाक्यांनी रेशीम कापलं गेलं. टाके त्यानेच काढले, एकही चीर न वाढवता."

तिने तसंच लिहिलं, एक शब्द न बदलता. मग खाली सही करायला दिली. मी नाव, बापाचं नाव, आडनाव आणि गाव हर्णे असं सगळं लिहितो, त्याला वेळ लागतो. ती थांबली.

सपाट पेटी, आत पांढरे कागद, झग्याच्या घडीत कापसाच्या गुंडाळ्या, म्हणजे कुठे दाब पडू नये. फादरनी एक बाजू धरली, बाईने दुसरी, गाडीच्या मागच्या बाजूला आडवी ठेवली. मी दार धरून उभा होतो. तेवढंच काम उरलं होतं. गाडी निघाली, वळणावर नारळांच्या आड गेली. फादर म्हणाले, "आजोबा, थँक यू." मी मान हलवली.

डिसेंबरात त्यांचं फेस्त आलं. मला आमंत्रण होतं, छापील. मी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि चर्चच्या फाटकापर्यंत गेलो. आत गर्दी, पताका, माईकवर गाणी. दार उघडं होतं, त्यातून फादर दिसत होते. अंगावर नवा झगा, मशीनवर केलेला, चकचकीत पिवळ्या दोऱ्याची द्राक्षं. पंख्याच्या वाऱ्याने तो उडत होता. त्याला वजन नव्हतं.

म्हातारी फुलांची परडी घेऊन बाहेर आली, तिने मला पाहिलं.

"आत या की ओ. बाकावर जागा धरलीय तुमची."

"काम आहे," मी म्हटलं.

"तुमास्नी कसलं काम?"

"आहे एक."

तिने परडी दुसऱ्या हातात घेतली. मग आतून कुणीतरी तिला हाक मारली आणि ती गेली. मी घरी आलो. सदरा काढून खुंटीला लावला. दुपार व्हायला अजून अवकाश होता.